प्रकाशनापूर्वी ॲप परीक्षकांच्या हाती कसे द्यावे?

प्रश्न : उसाच्या नोंदी ठेवणारे अँड्रॉइड ॲप तयार आहे. प्ले स्टोअरवर आणण्याआधी शेतकऱ्यांकडून ते तपासून कसे घ्यावे? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : एपीके फाइल व्हॉट्सॲपवर पाठवणे सोपे, पण मग कोणाच्या फोनवर कोणती आवृत्ती आहे, याचा मेळ राहत नाही. गूगल प्लेच्या अंतर्गत चाचणीत 100 जणांपर्यंतची ईमेल यादी भरून त्यांना लिंक देता येते. पुढची पायरी बंदिस्त चाचणीची. 13 नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना ती चुकत नाही : किमान 12 परीक्षक सलग 14 दिवस सहभागी असावे लागतात. (सुरुवातीला ही अट 20 जणांची होती.)

घोडे अडते ते ईमेलपाशी. अनेकांचे जीमेल खाते मोबाईलच्या दुकानदाराने उघडून दिलेले असते आणि तोंडी सांगितलेला पत्ता भलताच निघतो. यादीतला पत्ता आणि प्ले स्टोअरमधले खाते जुळले नाही, तर ॲप दिसतच नाही. तेव्हा पत्ता फोनमध्ये बघूनच उतरवून घ्यावा.

आयफोनसाठी टेस्टफ्लाइट आहे. त्यात बाहेरचे 10,000 परीक्षक चालतात, मात्र प्रत्येक बिल्ड 90 दिवसांनी बंद पडते. प्ले स्टोअरवर दुरुस्त बिल्ड चढवताना व्हर्जन कोड वाढवावाच लागतो. जुन्याच क्रमांकाची फाइल स्वीकारली जात नाही.