पाण्यातील प्राणवायूचा हिशेब
(इयत्ता ६ वी व ७ वी : सामान्य विज्ञानाचा एक पाठ)

प्रस्तावना
राजूर परिसरातील मुलांस प्रवरा नदी परिचित असते. रतनगडाच्या परिसरात उगम पावून, १९२६ साली पूर्ण झालेल्या भंडारदरा धरणातून ती खाली उतरते व प्रवरासंगम येथे गोदावरीस मिळते. गोदावरी पुढे बंगालच्या उपसागरास जाते. ही वाट शिक्षकांनी प्रथम नकाशावर मुलांकडून बोटाने गिरवून घ्यावी. मग विचारावे, "भाताच्या खाचरात टाकलेला युरिया मुसळधार पावसात वाहून गेला, तर तो कोठे जाईल?" वाटेत जायकवाडीसारखी धरणे असल्याने बरेचसे नत्र मध्येच अडते, हेही सांगावे. मात्र नदीकाठच्या असंख्य शेतांतून व गावांच्या सांडपाण्यातून आलेले नत्र एकत्र झाले, म्हणजे त्याचा भार मोठा होतो.

विषयविवेचन
युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोच्या गोणीत ते किती, हे मुलांनी पाटीवर काढावे (२० किलो ७०० ग्रॅम). खत जसे पिकाचे अन्न, तसेच ते पाण्यातील सूक्ष्म शेवाळाचेही अन्न आहे. शेवाळ फोफावते, मरते व तळाशी बसते. तेथे जीवाणू ते कुजवितात आणि त्या कामी पाण्यात विरघळलेला प्राणवायू खर्ची पडतो. हा साठा मुळात थोडा असतो. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम प्राणवायू असतो, तर एक लिटर कोमट नदीपाण्यात जेमतेम ७ ते ८ मिलिग्रॅम. समुद्राच्या पाण्यात त्याहूनही कमी. तो २ मिलिग्रॅमच्या खाली गेला की मासे तेथून निघून जातात. ज्या शिंपल्यांना व किड्यांना पळता येत नाही, ते मरतात.

कृती
प्रत्येक गटास एक वाटी व मूठभर चिंचोके द्यावेत. वाटी म्हणजे समुद्राच्या तळाचे पाणी. तिच्यात ६ चिंचोके ठेवावेत. एक चिंचोका म्हणजे लिटरमागे एक मिलिग्रॅम प्राणवायू. पुढील चार मांडण्या पाळीपाळीने करून पाहाव्यात :

१. दर पाळीस कुजण्यापायी १ चिंचोका काढावा, वरच्या पाण्यातून आलेला १ घालावा.
२. खतामुळे शेवाळ वाढले : २ काढावेत, १ घालावा.
३. खत नाही, पण नदीचे गोडे, हलके पाणी खाऱ्या पाण्यावर झाकणासारखे पसरले : १ काढावा, घालू नये.
४. खतही आहे व झाकणही आहे : २ काढावेत, घालू नये.

पहिल्या वाटीत ६ कायम राहतात. दुसरी व तिसरी सहाव्या पाळीस रिकामी होते. चौथी तिसऱ्याच पाळीस. असे का झाले, हे मुलांनीच सांगावे. शिक्षकांनी घाई करू नये. येथील आकडे कल्पिलेले आहेत. शास्त्रज्ञ नदीचे पाणी, नत्र, उष्णता व वारा मोजून असाच जमाखर्च मांडतात.

उपयोजन
अमेरिकेतील मिसिसिपी नदी मे महिन्यात किती नत्र आणते, यावरून मेक्सिकोच्या आखातातील त्या उन्हाळ्याच्या निष्प्राण क्षेत्राचा अंदाज दरवर्षी वर्तविला जातो. २०१७ साली ते क्षेत्र सुमारे २२,७३० चौरस किलोमीटर भरले. आपला अहिल्यानगर जिल्हा १७,०४८ चौरस किलोमीटरांचा आहे!

कोकण-गोव्याच्या किनाऱ्याची गोष्ट तिसऱ्या वाटीच्या जवळची आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या अभ्यासातून असे दिसले की, पावसाळ्यात मुळातच प्राणवायू कमी असलेले खोल पाणी किनाऱ्याकडे वर येते आणि त्यावर पावसाच्या गोड्या पाण्याचा थर पसरतो. हे मुख्यतः नैसर्गिक आहे. माणसाने सोडलेले नत्र त्यात भर घालू शकते. म्हणून प्रत्येक ठिकाणी दोष खतावर ढकलू नये.

शेवटी शिक्षकांनी एक दक्षता घ्यावी. वर्गातील बहुतेक मुले शेतकऱ्यांची असतात. आपला बाप समुद्र बिघडवितो, असा समज घेऊन एकही मूल घरी जाता कामा नये. खत वाईट नाही. चुकते ती मात्रा व वेळ. युरिया एकदम न देता हप्त्याहप्त्याने, पावसाची उघडीप पाहून द्यावा व खाचराचा बांध फुटू देऊ नये. वाहून गेलेले खत पिकाला मिळत नाही आणि त्याचे पैसेही पाण्यात जातात, हे घरी कोणासही पटेल.

गृहपाठ : चौथ्या मांडणीत तिसऱ्या पाळीपूर्वी जोराचा वारा सुटून झाकण मोडले आणि पुढे दर पाळीस २ चिंचोके येऊ लागले, तर वाटीत काय होईल?