गाडी शेठची, हात माझा

2016 साली पुण्याच्या भुसार बाजारात टेम्पो मागे घेताना एका हमाल काकांचा पाय माझ्या चाकाखाली आला. त्या दिवसापासून शिकलो ते इथे लिहितोय.

1. किन्नर मागे उभा नसेल तर रिव्हर्स टाकू नका. आमचा पोरगा चहाला गेला होता, शेठला घाई होती, डावा आरसा तडकलेला. मी मागे घेतली. काका ओरडले नाहीत. "गाडी पुढे घे रे बाळा, हळू घे," एवढंच म्हणाले. त्यांची चप्पल टायरला चिकटून पुढे आली.

2. पळू नका. जखमीला दवाखान्यात न्यायची तजवीज करणं हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार ड्रायव्हरचंच काम आहे. लोक मारायला धावत असतील तेव्हाची गोष्ट वेगळी. काकांना मी त्याच टेम्पोतून नेलं.

3. "शेठ बघून घेतील" यावर विसंबू नका. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मला त्या फार उशिरा कळल्या. भरपाईच्या दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघेही सामनेवाले असतात. विमा चालू असल्यामुळे पैसे कंपनीने भरले. फौजदारी गुन्हा मात्र, भादंवि 279 आणि 338, एकट्या माझ्या नावावर. तारखांना मी जायचो, रोजगार माझा बुडायचा. विमा दंड भरत नाही, शिक्षाही भोगत नाही. आता त्या कलमांच्या जागी भारतीय न्याय संहितेची 281 आणि 125 आली आहेत.

4. गाडी शेठच्याच कामाला वापरा. वकिलांनी मला दोन निकाल सांगितले. 1966 च्या निकालातल्या ड्रायव्हरने टॅक्सी दुसऱ्याच्या हाती दिली, त्या माणसाने ती लायसन्सच्या चाचणीला नेली आणि अपघात झाला. सर्वोच्च न्यायालयात मालक सुटला. 1977 च्या निकालात मात्र मॅनेजर कंपनीच्या कामाला नागपूरहून पांढुर्ण्याला निघाला होता, म्हणून कंपनीला भरावं लागलं.

5. लायसन्सची तारीख पाहा. ती संपलेली असली की विमा कंपनी हात आखडते.

6. आरसा तडकलाय हे मी शेठना दोनदा तोंडी सांगितलं होतं. कोर्टात ते सिद्ध करायला माझ्याकडे काहीच नव्हतं. आता मी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आणि आरसा बदलेपर्यंत चावी घेत नाही.

काका आता हमाली करत नाहीत, गेटजवळ पोती मोजतात. मी गाडी मागे घेताना दिसलो की उठून मागे येऊन उभे राहतात.