थंडाव्याचा जमाखर्च

पाटबंधारे खात्याच्या दप्तरात बत्तीस वर्षे आवक-जावक लिहिण्यात घालवल्यावर, सेवानिवृत्तीच्या दुसऱ्याच वर्षी जुन्या गाडीची मागची आसने दुमडून तिथे फळ्यांचा बिछाना करून घेण्याची, आणि कुणाच्या वाडीत, कुठल्या माळावर, कुठल्या तळ्याच्या काठी गाडीतच मुक्काम ठोकत हिंडण्याची जी हौस मला जडली, तिला घरातून विरोध मुळीच झाला नाही. मात्र एक अट पडली आणि ती अट इन्शुलिनची होती. आमच्या सौभाग्यवतींना मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली. न उघडलेले इन्शुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. वापरात घेतलेले पेन साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण तेही ३० अंशांच्या आत, आणि आमच्या मुलखात वैशाखात ३० अंश हे पहाटे सहाचे तपमान असते. तेव्हा गाडीत फ्रिज हवा असा ठराव झाला, खर्चाला मंजुरी मिळाली, आणि खरेदीची कामगिरी माझ्याकडे आली. पुढच्या तीन प्रवासांत मी ज्या चुका केल्या त्या आता हौसेने हिंडू लागलेल्या मंडळींच्या उपयोगी पडाव्यात म्हणून त्यांचा कबुलीजबाब येथे देत आहे.

पहिली पेटी मी डोळे मिटून घेतली असे म्हणता येणार नाही. डोळे चांगले उघडे होते, पण ते किमतीच्या चिठ्ठीवर होते. हलकी, आवाज न करणारी, सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खोचली की चालू होणारी ती पेटी ज्या तत्त्वावर चालते ते पेल्तिए नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १८३४ साली दाखवून दिले होते: दोन भिन्न वाहकांच्या सांध्यातून वीज वाहू लागली की एक बाजू थंड होते आणि दुसरी तापते. तत्त्व निर्दोष आहे. परंतु अशा पेटीचा पराक्रम बाहेरच्या हवेहून १५ ते २० अंश खाली उतरण्याइतकाच असतो, ही गोष्ट खोक्यावर बारीक टंकात छापलेली होती आणि चष्मा खिशात होता. एप्रिलात आम्ही लोणारला गेलो. विवराच्या काठी हवा ४२ अंश, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पन्नाशी केव्हाच उलटलेली. पन्नासातून वीस वजा जाता तीस उरतात, हा हिशेब दुपारी विरजण फसफसून झाकण वर आले तेव्हा माझ्या ध्यानात आला. ज्यांच्या अंगणात आम्ही उतरलो होतो त्या आजींच्या ओसरीवर माठ होता. आजींनी पेटीत हात घातला, मग माठाला हात लावला, आणि काही न बोलता पेने ओल्या पंच्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी सारून दिली. विदर्भाच्या कोरड्या हवेत पाझरणारा माठ विजेवाचून त्या पेटीहून अधिक थंड होता. (हीच युक्ती कोकणात करू जाल तर फसाल, तिथल्या दमट हवेत पाणी सुकत नाही, आणि सुकल्यावाचून माठ गार होत नाही.)

शिवाय ही पेटी अखंड वीज खाते. चार ॲम्पिअर म्हणजे काही नव्हे असे विक्रेता म्हणाला होता. पण चार ॲम्पिअर चोवीस तास घेतले की शहाण्णव होतात, म्हणजे दिवसाला एका युनिटहून अधिक वीज, आणि गाडीची अख्खी बॅटरी बहुधा पन्नास-साठ ॲम्पिअर-तासांची असते. गाडी चालू असताना थंड बाटल्या थंड राखण्यापुरती ही पेटी ठीक. औषध तिच्या हवाली करू नये.

गॅसच्या ज्योतीवर चालणाराही एक प्रकार आहे. स्वीडनमधल्या प्लॅटन आणि मुंटर्स या दोघा विद्यार्थ्यांनी तो १९२२ साली शोधून काढला. तो निःशब्द आणि कल्पक खराच, पण त्याला सपाट जागा लागते, आणि बंद गाडीत ज्योत जळत ठेवून झोपण्याची सूचना मी वैऱ्यालाही करणार नाही.

राहिला कॉम्प्रेसरचा फ्रिज. घरातल्या फ्रिजचेच यंत्र, फक्त लहान आणि १२ व्होल्टवर चालणारे. झाकण वर असल्यामुळे उघडले तरी जड थंड हवा आतच बसून राहते. आणि बाहेर कितीही ऊन असो, सांगाल त्या अंशावर जाऊन थांबते. मी चाळीस लिटरचा घेतला. तो चालू असताना ४५ वॅटच्या आसपास वीज घेतो, पण आतला थंडावा पुरेसा झाला की बंद पडून राहतो, त्यामुळे साध्या दिवसात चोवीस तासांचा खर्च अर्ध्या युनिटच्या आत राहतो. हे सगळे मी आधी वाचून, वहीत टिपून खातरजमा करून घेतले होते. वहीत नव्हती ती एकच बाब, की ही अर्धा युनिट वीज येणार कोठून.

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरला एका नारळीच्या वाडीत आम्ही गाडी लावली. संध्याकाळी समोर होडी लागली, दोन किलो सुरमई स्वस्तात पदरी पडली, ती आणि दुकानातून आणलेल्या डझनभर कोमट पाण्याच्या बाटल्या मी फ्रिजमध्ये भरल्या, आणि यंत्राच्या तोंडावरच्या तीन अक्षरांपैकी 'लो' हे निवडले. माझी समजूत अशी की 'लो' म्हणजे कमी वीज. वस्तुतः ते अक्षर बॅटरीच्या राखणीचे असते: 'हाय'वर ठेवल्यास बॅटरीचा दाब थोडा उतरताच फ्रिज स्वतःहून थांबतो आणि गाडी सुरू करण्यापुरती शिल्लक मागे ठेवतो, 'लो' म्हणजे शिल्लक पार तळाला जाईस्तोवर उचल चालू ठेवण्याची परवानगी. ती परवानगी मी स्वहस्ते दिली होती. कोमट बाटल्यांनी आणि ओल्या मासळीने भरलेला तो फ्रिज रात्रभर जवळजवळ श्वास न घेता घुमत राहिला आणि त्या मंद घरघरीत, समुद्राच्या गाजेत, आम्हांला फार सुखाची झोप लागली.

सकाळी किल्ली फिरवली. टक् असा एक आवाज आला. पुन्हा फिरवली, तेवढाही आला नाही. डॅशबोर्डवरचे दिवे उगवत्या चंद्रासारखे पिवळे पडले आणि विझले.

"बॅटरी उतरली वाटतं, काका," वाडीतून नारळ भरून निघालेल्या टेम्पोचा तरुण चालक म्हणाला. "रात्री काय दिवे चालू ठेवले होते काय?"

"दिवे नाही हो," सौ. गाडीतून म्हणाल्या, "यांनी सुरमई ठेवली होती."

त्याच्याकडे जंपर केबल होती, हे आमचे नशीब. आधी लाल चिमटा आमच्या बॅटरीच्या धन टोकाला, मग त्याच्या. नंतर काळा त्याच्या ऋण टोकाला, आणि शेवटचा काळा आमच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, दूर. मी कारण विचारले, तर बॅटरीतून उडणारा वायू ठिणगीने पेटतो असे त्याने नारळ मोजता मोजता सांगितले. गाडी सुरू झाली. पैसे त्याने घेतले नाहीत, अर्धी सुरमई घेतली.

गाडीची बॅटरी स्टार्टरला क्षणभर मोठा झटका देण्यासाठी घडवलेली असते. तिच्यातून रात्ररात्र हळूहळू वीज काढणे म्हणजे पहिलवानाला कारकुनीला बसवणे होय, आणि दोन-चार वेळा ती अशी तळाला गेली की पुन्हा पुरती भरत नाही. स्वस्थ असताना पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या आसपास ती निम्मी झालेली असते, आणि १२ च्या खाली उतरली की सकाळची शाश्वती नाही. काही यंत्रांत 'हाय'चा आकडासुद्धा ११ च्या जवळपासच असतो, म्हणजे राखणदार आहे, पण तो चोर गेल्यावर जागा होणारा. विकत घेण्यापूर्वी माहितीपत्रकात हा आकडा जरूर पाहावा.

घरी परतल्यावर मी एका कारागिराकडून बॉनेटमधल्या बॅटरीपासून मागच्या फ्रिजपर्यंत स्वतंत्र वायर ओढून घेतली, आणि मे अखेरीस काजवे पाहायला भंडारदऱ्याला निघालो. त्या प्रवासात मी स्वतःच्या हुशारीचा बळी ठरलो. तिथले विल्सन धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांचे कागद हाताळण्यात माझी उमेदीची वर्षे गेलेली. तेव्हा पावसाळ्यात भरून घ्यावे आणि उन्हाळ्यात सोडावे हा धरणाचा शिरस्ता फ्रिजला लावण्याची कल्पना मला सुचावी, यात नवल नाही. इंजिन चालू असेतो वीज जवळजवळ फुकट. मग वाटेत फ्रिज खूप थंड करून घ्यावा आणि रात्री त्या साठ्यावर काढावी. कल्पना चूक नाही, आजही मी तसेच करतो. पण त्या दिवशी मी आकडा उणे पाचावर नेला, आणि इन्शुलिनचा डबा तळाशी होता.

रात्री नऊच्या सुमारास, झाडाझाडांवर काजव्यांची उघडझाप चालू असता, फ्रिजवरही एक तांबडा दिवा उघडझाप करू लागला: दाब अपुरा. बॅटरीवर मीटर लावला तर १२.३, फ्रिजच्या पिनेशी लावला तर अकराच्या किंचित वर. मधला एक व्होल्टाहून अधिक दाब कुठे गेला, याचा शोध विजेरीच्या उजेडात घेतला, तेव्हा कारागिराने हॉर्नला लावतात तसली पाऊण स्क्वेअर एमएमची बारीक वायर टाकल्याचे दिसले. जाऊन-येऊन दहा मीटर तांब्याची अशी वायर पाच ॲम्पिअरला सव्वा व्होल्टाच्या आसपास दाब गिळते. सहा स्क्वेअर एमएमची असती तर जेमतेम ०.१५ व्होल्ट गेला असता. कालव्याची गळती आयुष्यभर कागदावर धरली, आणि घरचा पाट मोजायचा राहिला! वायर जाड घ्यावी, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवावा, आणि लायटरच्या सॉकेटवर भिस्त ठेवू नये. खड्ड्यांच्या रस्त्यात ती पिन सैल होते, तापते, आणि बऱ्याच गाड्यांत किल्ली काढताच तो सॉकेट बंदही होतो.

फ्रिज रात्रभर बंद राहिला, तरी साठवलेल्या थंडाव्यावर दूध सकाळी उत्तम होते. नासले ते दुसरेच. सौ.नी राखीव पेन काढले, नेहमीप्रमाणे दोन तळव्यांत घोळवले, खिडकीकडे धरून पाहिले, आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले. त्यांचे औषध मिश्र, दुधट रंगाचे. ते घोळवल्यावर एकसारखे व्हायला हवे. त्याऐवजी काचेच्या आतल्या अंगाला साखरेचे कण चिकटावेत तसे पांढरे कण दिसत होते. "हे गोठून विरघळलंय," त्या म्हणाल्या. एकदा गोठलेले इन्शुलिन पुढे कितीही जपले तरी टाकून द्यावे लागते. आणि स्वच्छ पाण्यासारखे जे इन्शुलिन असते त्यात गोठल्याची खूण दिसेलच असेही नाही. चालू पेन त्यांच्या पिशवीत होते म्हणून दिवस निभावला. संगमनेरला औषधांच्या दुकानाच्या पायरीवर मी नवे पेन हातात घेऊन उभा होतो तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "अहो, धरणात माणसं बुडतात, हे तुम्हांला ठाऊक असायला हवं होतं."

एका कप्प्याच्या फ्रिजमध्ये पडद्यावर दिसणारा अंश हा यंत्राच्या कानापाशी असलेला अंश असतो. तळाशी आणि भिंतींलगत तो आणखी खाली जातो. आता औषध स्टीलच्या डब्यात, टॉवेलात गुंडाळून, वरच्या टोपलीत असते, आणि शेजारी स्वतंत्र तपमापक. औषध आत असताना चारच्या खाली आकडा न्यायचा नाही, असा घरचा हुकूम आहे.

विजेची तजवीज आम्ही शेवटी अशी केली. १०० ॲम्पिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वेगळी बसवली. तिच्यातले हजारएक वॅट-तास सुखाने काढता येतात, म्हणजे उन्हाळ्यातही दीड-दोन दिवसांची बेगमी. ती गाडीच्या विजेला थेट जोडू नये. रिकामी लिथियम बॅटरी अल्टरनेटरकडून हावरटासारखी वीज ओढते आणि तो तापतो; शिवाय अनेक नव्या गाड्यांत इंधन वाचवण्यासाठी अल्टरनेटर मधूनच दाब उतरवतो, त्यामुळे बॅटरी पुरती भरतच नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर हवा. आमच्या खर्चात सर्वांत शहाणा खर्च तोच. इन्व्हर्टर लावून घरची पिन वापरणे म्हणजे रुपया मोडून पुन्हा रुपया करताना दहा-पंधरा पैसे दलालाला देणे. सौर पट्टी टपावर न बसवता सुटी घेतली, लांब वायरीची. कारण गाडी सावलीत हवी आणि पट्टी उन्हात हवी, हे दोन्ही टपावर साधत नाही. शंभर वॅटची पट्टी निरभ्र दिवसात तीनशे-साडेतीनशे वॅट-तास देते, श्रावणात तिच्याकडून अपेक्षा करू नये. आणि निघण्याच्या आदल्या रात्री फ्रिज घरच्या विजेवर थंड करून, सामानही घरच्या फ्रिजमध्ये गार करूनच आत भरावे. वेळणेश्वरच्या त्या डझनभर कोमट बाटल्यांनी जितकी वीज खाल्ली तितकी बाकीच्या प्रवासात कशानेच खाल्ली नसेल.

फ्रिजच्या जाळीपाशी चार बोटे मोकळी ठेवावीत. एकदा मी तिथे घोंगडी कोंबली होती, त्याची हकीकत सांगत नाही. भरलेला चाळीस लिटरचा फ्रिज पोत्यासारखा जड होतो, तेव्हा तो पट्ट्याने करकचून बांधावा. परतल्यावर झाकण किंचित उघडे ठेवून सुकवावा. पहिली पेटी कांदे-बटाट्यांना दिली आहे, तिथे ती समाधानी दिसते. आता मुक्कामावर रात्री नऊला आणि पहाटे सहाला मी व्होल्ट लिहितो आणि सौ. शेजारच्या रकान्यात अंश लिहितात; यंदाच्या चैत्रात पुन्हा लोणारला, त्याच आजींच्या अंगणात, त्यांचा रकाना दोन्ही वेळी पाचच्या आसपास होता. वास मात्र जात नाही. लिंबू झाले, सोडा झाला, कोळशाची पुरचुंडी झाली. झाकण उघडले की अजून ती सुरमई आहेच.