पर्ल आज्ञावलीतील दोषांची परीक्षा



पेढीचे भाव, मागण्या व गिऱ्हाइकांची खाती वेबद्वारे पाहण्याची सोय अनेक ठिकाणी झाली आहे. अशा कामासाठी १९९० नंतरच्या दशकात पर्ल ही संगणकभाषा फार प्रचारात होती. लॅरी वॉल यांनी ती १९८७ साली प्रसिद्ध केली. त्या वेळच्या कित्येक आज्ञावल्या आजही चालू आहेत, आणि त्या अडल्या म्हणजे दोष कसा शोधावा हे ठाऊक नसल्याने गोंधळ उडतो. आपल्या घरची तरुण मंडळी आता हे काम सांभाळू लागली आहेत, व मालकासही त्यातील रीत कळली पाहिजे, म्हणून हा पाठ.

रोजमेळ जुळला नाही तर जाणता मुनीम आकडा खोडून जुळवीत नाही. तो नोंदी पाहतो. येथेही तीच रीत आहे. पडद्यावर '५००' हा आकडा आला म्हणजे सर्व्हरवर काम अडले एवढेच कळते. कारण कळत नाही. ते सर्व्हरच्या एरर लॉग नावाच्या नोंदवहीत लिहिलेले असते. म्हणून प्रथम ती वही उघडावी, शेवटच्या ओळी वाचाव्यात, आणि तोवर आज्ञावलीस हात लावू नये. पुढे एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले आणि काम सुरू झाले, तरी दोष कोणता होता हे अज्ञातच राहते.

काम अडविणारे दोष बहुधा ठराविक असतात. लिखाणात चूक असल्यास पर्लला '-सी' हा संकेत देऊन फाइल तपासावी; निर्दोष असल्यास 'सिंटॅक्स ओके' असे उत्तर येते. फाइल डोळ्यांसमोर असूनही 'अशी फाइल नाही' असे वहीत आले, तर पहिली ओळ पाहावी. तीत पर्लचा पत्ता असतो. विंडोजवर लिहिलेली फाइल लिनक्सवर नेली असता ओळीच्या शेवटी एक अदृश्य खूण राहते, आणि त्या खुणेसह तो पत्ता चुकीचा ठरतो. 'परवानगी नाही' असे आले, तर फाइल चालविण्याचा अधिकार द्यावा. त्यास सामान्यतः ७५५ पुरतो. ७७७ देणे म्हणजे कोठाराची किल्ली रस्त्यावर टांगणे होय. उत्तराचा मजकूर पाठविण्यापूर्वी 'कंटेंट-टाइप' ही ओळ व तीनंतर एक कोरी ओळ गेली पाहिजे; ती चुकली तरी ५०० च दिसतो. एखादे मॉड्यूल सापडत नसल्यास वहीत त्याचे नाव येते. पूर्वी पर्लबरोबरच मिळणारे सीजीआय हे मॉड्यूल २०१५ सालच्या ५.२२ या आवृत्तीपासून वेगळे बसवावे लागते, हे जुन्या आज्ञावल्या नव्या सर्व्हरवर नेताना ध्यानात ठेवावे.

आज्ञावली हाताने चालविली असता चालते, सर्व्हरवर मात्र चालत नाही, अशीही तक्रार असते. सर्व्हर निराळ्या नावाने, निराळ्या अधिकारांनी व कदाचित निराळ्या फोल्डरातून काम करतो. तेव्हा फाइलींचे पत्ते मुळापासून पूर्ण लिहावेत.

येथवरचे दोष एका अर्थी प्रामाणिक आहेत. ते दुकान बंद करतात, पण खोटे सांगत नाहीत. खरे भय त्या दोषांचे, ज्यांत दुकान चालू राहते व हिशेब बिघडतो.

समजा, कोठारात २०० पोती आहेत, आणि दोन गिऱ्हाइकांनी एकाच क्षणी ५०-५० पोती मागितली. दोन्ही वेळा आज्ञावलीने २०० वाचले व १५० लिहिले, तर शिल्लक १०० असता १५० दिसेल. यासाठी 'फ्लॉक' या आज्ञेने वाचण्यापूर्वी नोंद अडवून धरावी व लिहून झाल्यावरच सोडावी. दुसरा दोष पैशांचा. १९.९९ रुपयांस १०० ने गुणून पूर्णांक घेतला, तर पर्ल १९९८ पैसे देते. एक पैसा गेला. कारण संगणक अशा अपूर्णांकांची नोंद तंतोतंत ठेवीत नाही. म्हणून रकमा आरंभापासूनच पैशांत, पूर्णांकात ठेवाव्यात.

तिसरा दोष सर्वांत घातक. मॉड-पर्ल या व्यवस्थेत आज्ञावली एकदा स्मरणात घेतली की पुढील मागण्यांसाठी तीच वापरली जाते. आधीच्या गिऱ्हाइकाची किंमत चलात उरली, तर ती दुसऱ्यास दिसू शकते. सर्व्हरच्या अनेक प्रक्रिया चालू असल्याने असे कधी घडते, कधी घडत नाही. अपाची सर्व्हर '-एक्स' या संकेताने एकाच प्रक्रियेत चालवून तीच मागणी दोनदा केली, म्हणजे हा लपंडाव उघड होतो. प्रत्येक मागणीच्या आरंभी चले नव्याने भरावीत, आणि 'यूज स्ट्रिक्ट' व 'यूज वॉर्निंग्ज' या दोन ओळी प्रत्येक आज्ञावलीत असाव्यात. त्या पुष्कळ दोष आधीच बोलून दाखवितात. त्यांची कुरकुर नको म्हणून त्या काढून टाकणे शहाणपणाचे नव्हे.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत कमी-अधिक मापे ठेवणे हा एक अतिचार सांगितला आहे. माप लाकडी असो वा संगणकातील, ते खोटे ठरल्यास गिऱ्हाइकाचे नुकसान सारखेच होते. बुद्धिपुरस्सर केले नाही एवढ्याने ते भरून निघत नाही. म्हणून आमची सूचना अशी की, प्रत्येक पेढीने दोषांची एक लहान वही ठेवावी: दोष केव्हा दिसला, लॉगमध्ये काय लिहिले होते, कोणता बदल केला, व त्यानंतर काय झाले. दुरुस्त करणारा माणूस बदलला तरी ही वही पेढीत राहील, आणि पुढचा दोष शोधणाऱ्यास अंधारात चाचपडावे लागणार नाही.