सीमेवरचा मनोरा

इतिहासाच्या तासाला आम्ही विद्यार्थ्यांना नकाशावर एक शिखर शोधायला लावतो. चेक प्रजासत्ताक आणि पोलंड यांच्या सीमेवरील हे शिखर सुमारे 890 मीटर उंचीचे; आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहून थोडे अधिक. चेक भाषेत ते ‘बिस्कुप्स्का कुपा’, पोलिशमध्ये ‘बिस्कुपिया कोपा’, जर्मनमध्ये ‘बिशॉफ्सकोप्पे’. अर्थ एकच, बिशपचे शिखर. जर्मनीची सीमा तर आज येथून दूर आहे. मग जर्मन नाव आले कोठून? आमचा पाठ येथून सुरू होतो.

1740 मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाकडील सायलेशियावर स्वारी केली. 1742 च्या तहाने त्या प्रांताचा बहुतांश भाग प्रशियाला मिळाला, दक्षिणेचा पट्टा ऑस्ट्रियाकडे राहिला आणि या शिखरावरून दोन राज्यांची सीमा गेली. दोन्ही उतारांवरची माणसे मात्र बहुतांशी जर्मनच बोलत राहिली.

माथ्यावरील 18 मीटर उंचीचा दगडी मनोरा 1898 चा. सम्राट फ्रान्झ जोसेफ याच्या राज्यारोहणास 50 वर्षे झाली, म्हणून तो ऑस्ट्रियाच्या बाजूस उभारला. हा किल्ल्याचा बुरूज नव्हे. डोंगर चढून आलेल्यांनी भोवतालचा मुलूख पाहावा, यासाठी बांधलेला. उत्तरेस सपाट शेतजमीन दिसते, दक्षिणेस येसेनिकीच्या रांगा. मनोऱ्याला नाव सम्राटाचे मिळाले, दगड घडविणाऱ्यांचे नाही. ते का, हे विद्यार्थ्यांनी आपणहून विचारावे अशी आमची अपेक्षा असते.

मनोरा जागीच राहिला, राज्ये बदलत गेली. पहिल्या महायुद्धानंतर तो चेकोस्लोव्हाकियात गेला, 1938 च्या म्युनिक करारानंतर जर्मनीत, 1945 मध्ये पुन्हा चेकोस्लोव्हाकियात. त्याच वर्षी उत्तरेचा उतार पोलंडकडे आला. मग दोन्ही उतारांवरील बहुतेक जर्मन रहिवाशांना घरेदारे सोडून जावे लागले. नाझी राजवटीचे अत्याचार भयंकर होते, यात शंका नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबलेल्या शेतकऱ्याला, पाळण्यातल्या मुलाला केवळ जन्मावरून दोषी धरणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. उत्तरपत्रिकेत तहाचे साल अचूक येते, ही माणसे येत नाहीत. गुण द्यावे लागतात. समाधान होत नाही.

पायथ्याच्या चेक बाजूच्या गावाचे जुने जर्मन नाव त्सुकमांटेल. संगीतकार शूबर्टची आई तिथली. महायुद्धानंतर गावाचे नाव ‘झ्लाते होरी’, म्हणजे सोन्याचे डोंगर, असे झाले.

21 डिसेंबर 2007 रोजी दोन्ही देश शेंगेन व्यवस्थेत आले आणि सीमेवरची नित्याची तपासणी उठली. आता पोलंडच्या बाजूने चढलेला वाटसरू सीमेचे दगड ओलांडून मनोऱ्यापाशी येतो.