एकाच नावाच्या दोन डब्या

हे लिहू का, असं मी आधी सासूबाईंना विचारलं. गोष्ट माझ्या चुकीची असली तरी ती त्यांच्यावरून गेली आहे. त्या म्हणाल्या, "लिही. पण नुसती रड लिहू नको, काय करायचं तेही सांग." म्हणून दोन्ही लिहिते आहे.

चैत्री पौर्णिमेला आमच्या विवळवेढ्यात महालक्ष्मीची जत्रा सुरू होते आणि पुढे पंधरा दिवस चालते. पौर्णिमेच्या रात्री वाघाडीचे पुजारी गडावर ध्वज लावतात. डहाणू, तलासरी, जव्हार, शिवाय सीमेपलीकडून गुजरातेतलीही माणसं दर्शनाला येतात. हायवेवर गाड्यांची रांग लागते, पावसाळ्याआधी घरात भरायची मिरची आणि सुकी मासळी घ्यायला बायकांची झुंबड उडते, आणि गावातल्या घरांत पाय ठेवायला जागा उरत नाही. एवढ्या गर्दीत मोबाईलला रेंज असते, पण बोलणं तुटत राहतं. "हॅलो, हॅलो" करत अंगणात फिरणं या दिवसांत आम्हाला सवयीचं झालं आहे. पुढे जे घडलं त्याला ही सवयही कारण झाली.

2024 साली पौर्णिमा 23 एप्रिलला होती. त्याआधी दीड महिना घरात दोन हेडफोन आले होते, डबीत बसणारे, वायर नसलेले. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, दोन्ही काळे. दोन घेतले तर स्वस्त पडत होते म्हणून घेतले. एक माझ्यासाठी, कारण मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि ऑनलाइन प्रशिक्षणं सुरूच असतात. दुसरा आईंसाठी. सासूबाईंना मी आईच म्हणते. त्यांना दुपारी पडवीत बसून कीर्तन ऐकायला आवडतं आणि मोठा आवाज केला की घरातल्यांची झोप मोडते. डब्या आल्या त्या दिवशी दोन्ही चालतात का ते पाहायला मी दोन्ही माझ्याच फोनला जोडून पाहिल्या. मग आईंची डबी त्यांच्या फोनला जोडून दिली. माझ्या फोनवरून ती काढून टाकायची राहून गेली. यादीत एकाखाली एक दोन ओळी, दोन्हींवर कंपनीने दिलेलं तेच नाव आणि तोच आकडा. मला त्या दिसत होत्या. कधीतरी नीट करू, असं म्हणून मी दीड महिना काढला.

त्याच काळात आईंच्या काखेत गाठ लागली. तपासणीला नमुना दिला होता. आईंचा दरवर्षीचा नेम असतो, जत्रेत देवीची ओटी भरायची आणि माहेरच्या माणसांना घरी जेवू घालायचं. म्हणून घरात आम्ही ठरवलं होतं की रिपोर्ट काहीही आला तरी जत्रा उरकल्यावर, शांतपणे बसून, त्यांच्या मुलाने त्यांना सांगायचं. डॉक्टरांकडे नंबर माझा दिलेला होता.

जत्रेच्या चौथ्या दिवशी दुपारी मी हेडफोन लावायला फोनची यादी उघडली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. 'कनेक्टेड' असं आलं. कानात घातले, आवाज नाही. चार्जिंग संपलं असेल असं वाटलं, काढून ठेवले आणि भाकऱ्यांना बसले. प्रत्यक्षात जोडली गेली होती ती आईंची डबी. त्यांचा फोन बंद पडून आतल्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता, आणि त्यांनी नुकतेच पडवीत बसून हेडफोन कानात घालून ठेवले होते, नातू येऊन कीर्तन लावून देईल म्हणून.

तेवढ्यात डॉक्टरांचा फोन आला. मी उचलला, कानाला लावला, काही ऐकू येईना. जत्रेची रेंज, हेच डोक्यात आलं. "हॅलो, हॅलो" करत मागच्या अंगणात गेले, विहिरीपर्यंत गेले, परत आले. आणि पडवीतून आईंचा आवाज आला, "हां, बोला."

मला वाटलं, आलेल्या पाहुण्यांशी बोलताहेत.

डॉक्टरांचा यात काही दोष नाही. बाईचा आवाज आला, त्यांनी मीच समजून सांगितलं. गाठ साधी नाही, मोठ्या रुग्णालयात लवकर दाखवा, आणि घरच्यांना धीर द्या. आई "बरं, बरं" म्हणत राहिल्या. मी अंगणातून फोन कापला आणि 'रेंज आली की लावते' असा मेसेज टाकला. दीड-दोन मिनिटांचं बोलणं असेल. संध्याकाळपर्यंत आईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. पाहुण्यांना वाढलं, ओटीचं ताट लावलं. रात्री सगळे निजल्यावर मला जवळ बोलावून म्हणाल्या, "अगं, तो माणूस मला मॅडम मॅडम म्हणत होता. मला सगळं कळलंय. जत्रा उठू दे, मग जाऊ."

ती बातमी त्यांनी एकटीने ऐकली. पाठीवर हात ठेवायला जवळ कुणी नाही, समोर पाहुणे, कानात परक्या माणसाचा आवाज. त्यांचे उपचार पुढे वेळेवर सुरू झाले, आज त्या घरात वावरतात, पण ती दुपार मला परत करता येणार नाही. म्हणून ज्यांच्या घरात एकाच नावाचे दोन हेडफोन आहेत त्यांना मी हे कळकळीने सांगते आहे.

आधी हे समजून घ्या की ते नाव फोनसाठी नसतं, आपल्यासाठी असतं. प्रत्येक ब्लूटूथ वस्तूला कारखान्यातच एक पत्ता मिळतो, अंक आणि इंग्रजी अक्षरं मिळून बारा खुणांचा. फोन वस्तू ओळखतो तो त्या पत्त्यावरून. त्यामुळे एकाच नावाच्या दोन ओळींमध्ये फोनचा गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो बोट ठेवणाऱ्या माणसाचा. माझ्या वर्गात एकाच नावाच्या तीन मुली आहेत. हजेरी घेताना मी नावापुढे पाड्याचं नाव लावते, नाहीतर तिघी एकदम "हजर" म्हणतात. पटावर त्यांचे नंबर वेगळे आहेतच, पण हाक नंबराने मारत नाहीत. हे मला वर्गात कळत होतं आणि स्वतःच्या फोनमध्ये कळलं नाही.

खुद्द 'ब्लूटूथ' हे नावही असंच तात्पुरतं दिलेलं. दहाव्या शतकातल्या हॅराल्ड नावाच्या डॅनिश राजाचं ते टोपणनाव. 1997 साली इंटेलच्या जिम कार्डाक यांनी ते कामापुरतं सुचवलं, पुढे दुसरं ठरेना आणि तेच कायम झालं. कारखान्यातून येणारं नावही आपण बदललं नाही तर तसंच राहतं.

नाव बदलायला पाच मिनिटं लागतात, पण एक काळजी घ्या, जी कुणी सांगत नाही. एका वेळी एकच डबी उघडायची. दुसरी बंद करून बाजूला ठेवायची, शक्यतो दुसऱ्या खोलीत. दोन्ही उघड्या ठेवून नाव द्यायला बसलात तर आईंचं नाव तुमच्या डबीला लागेल आणि मग गोंधळ आधीपेक्षा वाईट, कारण आता तुमचा त्या नावावर भरवसा असेल. उघडलेल्या डबीतला हेडफोन कानात घाला, एखादं गाणं लावा, आवाज आला म्हणजे 'कनेक्टेड' दिसणारी ओळ त्याचीच.

अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन ब्लूटूथची यादी उघडा. हेडफोनच्या नावासमोर दातेरी चाकाची खूण असते. त्यावर बोट ठेवलं की त्या वस्तूचं स्वतंत्र पान उघडतं. तिथे पेन्सिलची खूण किंवा 'नाव बदला' असा शब्द असतो. फोनच्या कंपनीप्रमाणे मांडणी थोडी इकडेतिकडे असेल, पण वाट हीच. नाव मराठीत लिहिता येतं. बहुतेक फोनवर त्याच पानाच्या तळाशी तो बारा खुणांचा पत्ताही दिसतो. शंका आली तर त्यातली शेवटची चार अक्षरं कागदावर टिपून ठेवा, ती दोन डब्यांची सहसा सारखी नसतात.

मी आणखी एका ठिकाणी चुकले असते, मुलाने थांबवलं. अँड्रॉइडवर असं दिलेलं नाव त्या एका फोनपुरतंच असतं. हेडफोनच्या पोटात काही बदलत नाही. माझ्या फोनवर मी 'आई पडवी' लिहिलं तरी मुलाच्या फोनवर जुनंच नाव दिसणार. म्हणून घरातल्या ज्या ज्या फोनला ती डबी जोडलेली आहे त्या प्रत्येकावर हे करावं लागतं. फोनमधून हेडफोन एकदा काढून टाकला आणि परत जोडला तर दिलेलं नाव पुसलं जातं, ते पुन्हा लिहावं लागतं. काही कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमधून बदललेलं नाव मात्र हेडफोनमध्येच साठतं आणि दुसऱ्या फोनवरही दिसतं. तसं ॲप असेल तर तेच वापरा. आधीपासून जोडलेल्या फोनवर कधी जुनं नाव रेंगाळतं, मग तिथून काढून नव्याने जोडावं. ॲपलच्या एअरपॉड्सचं नाव आयफोनवर बदललं की तेही त्यांच्याबरोबरच जातं. डबी उघडून ब्लूटूथच्या यादीत नावासमोरच्या गोलातल्या 'आय'वर बोट ठेवायचं आणि नावाची ओळ बदलायची.

नाव काय द्यावं? लहान द्यावं आणि वस्तू कुणाची आहे ते घरच्यांना लगेच कळेल असं. पण पूर्ण नाव, आडनाव, मोबाईल नंबर यातलं काहीही नको. हेडफोनमध्येच साठलेलं नाव जोडणीच्या वेळी आसपासच्या कुणालाही दिसतं, साधारण दहा मीटरच्या टापूत. डहाणू रोडहून सकाळची लोकल पकडणाऱ्या मुली गाडीत बसून हेडफोन जोडतात. त्यांचं नाव अनोळखी माणसाच्या पडद्यावर का जावं? माझ्या शाळेत शिकून आता पालघरला कॉलेजला जाणाऱ्या मुलींना मी हे बजावून सांगते. फोनचं स्वतःचं ब्लूटूथ नावही एकदा पाहून घ्या, कितीतरी फोनवर ते मालकाच्या नावानेच असतं. तेही सेटिंग्जमधूनच बदलतं.

पडद्यावरच्या नावाइतकीच डबीवरची खूण महत्त्वाची. दोन्ही डब्या काळ्या असतील तर पडद्यावर 'आई पडवी' वाचून उपयोग काय, हातातली कोणती ते कळायला हवं. माझ्या मुलाने पांढऱ्या नेलपेंटने आईंच्या डबीवर वारली चित्रातली बाई काढली, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून आणि वर एक ठिपका. माझी कोरी ठेवली. आईंना चष्म्याशिवाय पडद्यावरची अक्षरं वाचता येत नाहीत, पण ती पांढरी बाई लांबूनही दिसते.

माझ्या मते याहूनही मोठी गोष्ट पुढची आहे. दुसऱ्याचा हेडफोन आपल्या फोनमध्ये ठेवूच नये. जोडून पाहिला, चालतो कळलं, की त्याच दिवशी त्या पानावरच्या 'विसरा'वर बोट ठेवून काढून टाकावा. ठेवणं भागच असेल तर अँड्रॉइडवर त्याच पानावर फोन कॉलसाठी वेगळं बटण असतं, ते बंद करावं. मग गाणी त्या हेडफोनवर जातील, पण तुमचं बोलणं जाणार नाही. हे एक बटण त्या दिवशी बंद असतं तर आईंच्या कानात काहीच गेलं नसतं.

आणि कॉलमध्ये आवाज येत नसेल तर रेंज शोधत अंगणात धावू नका. आधी पडद्याकडे पाहा. कॉल चालू असताना तिथे आवाजाचं एक बटण असतं. आवाज फोनमध्ये आहे, स्पीकरवर आहे की ब्लूटूथवर, ते त्यावर कळतं. ब्लूटूथ दिसलं आणि तुमच्या कानात काही नसलं, तर तुमचं बोलणं त्या क्षणी दुसरं कुणीतरी ऐकत असू शकतं.

आता मी रुग्णालयाचा, बँकेचा कुठलाही फोन घेतला की आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगते आणि समोरच्याला माझा आवाज येतोय ना, मला त्यांचा येतोय ना, एवढं झाल्यावरच पुढे बोलते. ज्यांच्या कामातच अशा बातम्या देणं आहे त्यांनीही आधी नाव विचारावं, अशी माझी विनंती आहे. बाईचा आवाज एवढी ओळख पुरत नाही.

आज रात्री जेवणं झाली की घरातले सगळे फोन एकत्र घ्या आणि ब्लूटूथच्या याद्या उघडा. एकच नाव दोनदा दिसलं तर एक डबी आतल्या खोलीत ठेवा, दुसरी उघडा आणि नाव लिहायला घ्या. सुरुवात घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाच्या डबीपासून करा.