छाट काढणारा हात
वाचकांचे प्रश्न : कायदा

प्रश्न : मी घरी बिड्या वळते आणि ठेकेदाराच्या शाखेत जमा करते. तिथला तपासनीस माल बघताना मुद्दाम हात धरायचा, घाणेरडं बोलायचा. ५ ऑगस्टला मी सगळ्यांदेखत त्याचा हात झटकला. तेव्हापासून हजारामागं शंभर-दीडशे बिड्या छाट, म्हणजे नापास, काढतो. आधी वीस-तीस निघायच्या. ठेकेदार म्हणतो, 'तू घरी काम करतेस, आमची नोकरदार नव्हेस. छाटीचे पैसे देतो, मिटवून टाक.' मला कन्नड लिहिता येत नाही. दाद कुठं मागू?
– एक बिडी कामगार, निपाणी तालुका

उत्तर : ताई, ठेकेदाराचं बोलणं मनावर घेऊ नका. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्यात तक्रार करणारी बाई तिथं नोकरीला असलीच पाहिजे, अशी अट नाही. छळ कामाच्या जागी झाला, एवढं पुरे. ठेकेदारामार्फत लावलेले कामगारही या कायद्यात येतात.

नुसता हात धरणं हाच छळ नव्हे. नकार दिला म्हणून कामात नुकसान करणं, तशी धमकी देणं हेही त्यात मोडतं. म्हणून तुमची छाट हाच तुमचा पुरावा. जमा आणि छाट लिहिलेल्या वहीतल्या ५ ऑगस्टच्या आधीच्या आणि नंतरच्या पानांचे फोटो काढून ठेवा. त्या दिवशी रांगेत कोण होतं, त्या बायकांची नावं लिहून ठेवा.

शाखेत दहा किंवा जास्त कामगार असतील, तर मालकानं अंतर्गत समिती नेमायलाच हवी. न नेमल्यास पन्नास हजारांपर्यंत दंड आहे. कामगार दहापेक्षा कमी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं, म्हणजे बेळगावला जायचं. त्यासाठी एसटीचं भाडं खर्चायला नको : तालुक्याच्या नोडल अधिकाऱ्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडं पाठवायची असते. गोव्यातून सुप्रीम कोर्टात गेलेल्या एका खटल्यात ३ डिसेंबर २०२४ रोजी कोर्टानं देशभर हे अधिकारी नेमण्याचे आदेश दिले आहेत.

भाषेची काळजी नको. राज्यघटनेच्या कलम ३५० नुसार सरकारी अधिकाऱ्याकडं गाऱ्हाणं मराठीतही मांडता येतं. लिहायला जमत नसेल, तर समितीनं मदत करायची असते.

पैसे घेऊन मिटवू नका. समेट तुमच्या मागणीवरूनच होऊ शकतो, आणि त्याचा पाया पैसा असू शकत नाही. चौकशी नव्वद दिवसांत संपायला हवी. तोवर त्या माणसापासून सुटका मागता येते. तपासनिसालाही आपली बाजू मांडायची पूर्ण संधी मिळेल, तो न्यायच आहे. मात्र आरोप सिद्ध झाला नाही, एवढ्यावरून तुम्हाला शिक्षा होत नाही. पोलिसांत जायची वाटही खुली राहते.

१९८० च्या सुमारास निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायकांनी संघटना बांधली, तेव्हा असा कायदा नव्हता. आज आहे, पण त्याला मुदत आहे : शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. त्या भरवशावर थांबू नका. ५ नोव्हेंबरच्या आत तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.